बारा हात

ओढ्याच्या काठापासून बारा हात अलीकडे सांडूने मशीनचं पातं वर उचललं, मशीन वळवलं आणि आला तसा परत निघाला. पुढच्या फेरीलाही त्याने तेच केलं. तिसऱ्या फेरीला विश्वजीत मैदान ओलांडून जवळजवळ पळतच आला. विश्वजीत या गोल्फ मैदानाचा मॅनेजर. वय जेमतेम तीस, मूळचा फर्दापूरचा, शेतीची पदवी घेऊन इथे लागलेला. हुद्द्याने वर असला तरी सांडूला तो मामाच म्हणायचा.

“काय झालं मामा? पातं अडकतंय का?”

“नाय. पातं चांगलं हाय. कालच धार लावली.”

“मग कडेचं का सोडलं?”

“कडंचं कापायचं नाय आता.”

“कोण म्हणालं?”

“मी म्हणतो.”

सांडू खाली उतरला नाही. मशीन धडधडत होतं आणि त्या धडधडीत दोघं एकमेकांकडे बघत होते. मग विश्वजीतनेच नजर काढून घेतली. ओढ्याकडे न बघता तो म्हणाला, “साहेब विचारतील. काय सांगू?”

“सांगा, सांडूनं कापलं नाय.”

सांडूने हे रागाच्या भरात ठरवलं नव्हतं. जवळजवळ वर्षभर ते त्याच्या पोटात होतं. मागच्या श्रावणात याच काठावरून, गोल्फच्या सात नंबरच्या खड्ड्यापाशी, कडूबा मशीनसकट खाली गेला होता. कडूबा आणि सांडू एकाच वस्तीवरचे, लहानपणी एकत्र मेंढरं राखलेले, एकाच वर्षी मैदानावर कामाला लागलेले. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता, दुसऱ्या दिवशी सामने होते, आणि काठाचं गवत पार टोकापर्यंत कापून हवं होतं. कडूबा कापत टोकाला गेला आणि काठाची खोलीएवढी ढेप एकदम सुटली. मशीन त्याच्या अंगावर आलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मैदानाच्या समितीने चौकशी केली, अहवाल काढला: चालकाचा निष्काळजीपणा. बरं, लिहिलेल्या गोष्टीला न लिहिलेली शेपटी फुटतेच. कडूबा पिऊन होता, असं कुणीतरी म्हणालं आणि मेंबरांच्या कॅन्टीनपासून वस्तीवरच्या चुलीपर्यंत ते पोचलं. जन्मात थेंब न घेतलेला माणूस. तेव्हापासून तो घराच्या उंबऱ्याबाहेर आला नव्हता.

त्या दिवशी मशीन वर काढायला दोर घेऊन ओढ्यात उतरला होता तो सांडूच. तुटलेला काठ त्याने समोरून बघितला होता. वर दोन बोटं मुळ्या, मखमलीसारख्या त्या विलायती गवताच्या. त्याखाली उघडी माती. आणि त्याखाली पाण्याने कोरून केलेली पोकळी, माणूस वाकून आत शिरेल एवढी. कडूबाच्या मशीनखाली जमीन नव्हतीच, जमिनीचं नुसतं झाकण होतं. हे त्याने तेव्हा दोन-तीन जणांना सांगितलंही होतं. पण अहवाल लिहिणाऱ्यांना ओढ्यात उतरायचं नव्हतं आणि सांडूला कुणी लिहायला बोलावलं नाही.

मैदान व्हायच्या आधी हे सगळं कुरण होतं. डोंगराच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत मारवेल, पवन्या, कुसळी असं गवत. सांडूचे वडील आप्पा इथे मेंढरं घेऊन येत. दसऱ्यानंतर गवताची कापणी चाले, विळे घेऊन माणसं येत, पण ओढ्याच्या कडेचं गवत कुणी कापत नसे. लहान सांडूने एकदा तिकडे विळा वळवला, तेव्हा आप्पाने त्याचा कान धरला होता. “कडंचं गवत वढ्याचं असतं. त्याच्यात हात घालायचा नाय.” एवढंच. का, ते आप्पाने सांगितलं नव्हतं आणि सांडूने विचारलं नव्हतं. पुढे कुरण गेलं, मैदान आलं, सांडू त्यावर मशीन चालवायला लागला आणि तीस वर्षं ओढ्याचं गवत ओढ्याला न विचारता कापत राहिला. दर पावसाळ्यात काठ थोडा थोडा मागे सरकत होता. गवताला घातलेलं खत वाहून ओढ्यात जात होतं. जे पाणी मेंढरं पीत होती, त्यावर आता उन्हाळाभर हिरवी साय धरायची. हे सगळं त्याने बघितलं होतं. बघून कापलं होतं. त्यामुळे त्याचा राग समितीवर होता तेवढाच स्वतःवरही होता.

आठवड्याभरात नोटीस आली. सून ज्ञानेश्वरीने ती वाचून दाखवली. नेमून दिलेल्या कामात कुचराई, वरिष्ठांचा आदेश धुडकावणे, सात दिवसांत लेखी माफी.

दगडाबाई, सांडूची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, “रिटायरला किती राह्यले?”

“तीन महिने. सप्टेंबरअखेर.”

“तीन महिन्यांसाठी काहून भांडण घेता? तीस वर्षं कापलं ना? अजून तीन महिने कापा.”

“तीस वर्षं कापलं म्हणूनच कडूबाचा पाय गेला.”

“तुमी कापलं म्हणून?”

“मी कापलं, त्यानं कापलं. दोघांनी मिळून त्या वढ्याची सालटी काढली. त्यो खाली गेला, मी वर राह्यलो. एवढाच फरक हाय.”

दगडाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, “नुसतं कापायचं थांबवून काय व्हतंय? उघडी माती हाय ती. हा पावसाळा कशी धरंल?”

“गवत येईल हळूहळू.”

“हळूहळू येईल तंवर काठ जाईल की. माझ्या माहेरी गंगेच्या कडंला वाळा लावतेत. गंगा चढली तरी वाळ्याची कड हालत नाय. भावाला सांगा, ठोंब देईल.”

माफीचा कागद सांडूने लिहून घेतला नाही. रविवारी सुट्टी होती. काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून तो गंगापूरला गेला, तिथून पुढे गोदावरीकाठच्या दगडाबाईच्या माहेरी. मेहुण्याने उसाच्या बांधावरचा वाळा खणून दिला. दोन पोती ठोंब ओल्या बारदानात गुंडाळून सांडू एसटीच्या टपावर घालून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो ओढ्यावर उतरला आणि पहार मारून लावणी सुरू केली. मैदानावर निंदणीला आठ-दहा बाया असत. त्यात सारजाबाई होती, कडूबाची बायको. नवऱ्याचा पाय गेल्यावर ती कामाला लागली होती. भाकरीचं फडकं बांधून ती काठाशी आली आणि उभी राहिली. कडूबा जिथे पडला ती जागा तिने एरवी कधी बघितली नव्हती; निंदताना सात नंबर आला की ती दुसरी ओळ धरायची.

“दादा, हे कशापायी?”

“माती धरायला.”

“इथंच पडले ना ते?”

“इथंच.”

सारजाबाई खाली बसली. तिने खुरपं काढलं आणि सांडूने टाकलेल्या ठोंबाभोवती माती दाबायला सुरुवात केली. पाच-सहा ठोंब झाल्यावर, मान वर न करता म्हणाली, “घरात बसून भिंतीकडं बघतेत. परवा पोरीला बघायला पाव्हणे आले तं आतल्या खोलीत जाऊन बसले. म्हणले, मला बघून त्यांना दारूडा आठवंल.”

सांडूने पहार मारली. पुढच्या दिवशी सारजाबाईबरोबर आणखी दोघी आल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्या. आठवड्याच्या आत सात नंबरच्या काठाला वीत-वीत अंतरावर वाळ्याच्या तीन ओळी उभ्या राहिल्या, आणि वर बारा हात रुंदीचं न कापलेलं गवत डोकं काढायला लागलं. त्यात कुठून कोण जाणे, मारवेलाची लालसर कांडी दिसली. तीस वर्षं कापून, खत मारून, औषध फवारूनही ती मेली नव्हती. सांडूने ती दोन बोटांत धरून बघितली आणि एकटाच हसला.

मैदानाचे सेक्रेटरी पांगरीकरसाहेब मात्र हसणाऱ्यांतले नव्हते. वाळूजला त्यांचा कारखाना होता, उस्मानपुऱ्यात राहायचे, आणि हे मैदान त्यांनी माळरानावर उभं केलं होतं. ते वाईट माणूस होते असं सांडूही कधी म्हणाला नसता. लोकांच्या मुलांच्या शाळेसाठी शब्द टाकायचे, सणाला मिठाई स्वतः वाटायचे. पण त्यांच्या डोळ्यांना कडेपर्यंत कापलेली हिरवी रेष लागायची. तिच्यात केस उभा राहिलेला त्यांना चालत नसे.

एका सकाळी ते सात नंबरवर येऊन उभे राहिले. बरोबर विश्वजीत.

“सांडू, हे काय जंगल केलंस?”

“वढ्याचं हाय साहेब ते.”

“मेंबर लोकांचे चेंडू हरवतायत त्यात. पुढच्या वर्षी आपण दगड-सिमेंटची भिंतच बांधतोय इथे. मग तुझा वाळा काय करणार?”

“भिंतीच्या मागची माती पाणी खाईल, मंग भिंत बी येईल खाली. पाण्याला वाट नाय राह्यली की ते वाट काढतं.”

“तू इंजिनियर आहेस का?”

“नाय साहेब. मी खाली उतरून बघितलेला माणूस हाय.”

पांगरीकरसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. “हे बघ, तुझी सेवा चांगली झाली. शेवट खराब करू नकोस. आज हा पट्टा साफ कर, नोटीस मी फाडून टाकतो.”

“नोटीस राहू द्या.”

“म्हणजे नाही?”

“नाय.”

साहेब विश्वजीतकडे वळले. “मग तू काप. मशीन येतं ना तुला चालवायला? अकरापर्यंत मला पट्टा साफ पाहिजे.” आणि ते गाडीत बसून क्लबच्या इमारतीकडे निघून गेले.

विश्वजीत थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग शेडकडे गेला आणि मशीन घेऊन आला. निंदणीच्या बाया उठून उभ्या राहिल्या. सारजाबाईने पदर तोंडाला लावला. सांडू मशीनला आडवा गेला नाही. मशीन पट्ट्याजवळ आलं तसा तो ओढ्याच्या बाजूने येऊन मशीनशेजारी चालायला लागला.

“मामा, बाजूला व्हा. कड आहे ती.”

“असू द्या. तुमी कापा. कड तुटली तं तुमाला ओढायला कुणीतरी पायजे. त्या दिवशी कडूबाशेजारी कुणी नव्हतं.”

विश्वजीतचे हात सुकाणूवर होते. पातं खाली करायचा दांडा उजव्या हाताला. त्याने दांड्यावर हात ठेवला. मशीन जागच्या जागी धडधडत राहिलं. समोर बारा हात गवत, त्यापलीकडे काठ आणि त्याखाली काय आहे ते वरून दिसत नव्हतं. पाच मिनिटं गेली असतील. मग त्याने चावी फिरवली. मशीन बंद झालं आणि मैदानावर एकाएकी ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

“मीच सांगितलं होतं,” विश्वजीत म्हणाला. “त्या दिवशी. कडूबामामा म्हणाले होते, काठ ओला आहे, उद्या कापतो. मी म्हणालो, सामने आहेत, आजच पाहिजे, टोकापर्यंत पाहिजे.”

सांडूने मान हलवली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“कडूबानं सांगितलं. दवाखान्यात.”

“मग वर्षभर बोलला का नाही?”

“मी बोललो असतो तं ते माझं बोलणं झालं असतं. तुमचं नाय.”

विश्वजीत मशीनवरून उतरला आणि चावी खिशात घालून क्लबकडे चालत गेला. त्याने साहेबांना काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही. पण पट्टा कुणी कापला नाही. दुसरा चालक आणायचं घाटत होतं, तेवढ्यात पाऊस लागला आणि कापणीचा विषय मागे पडला.

तो पाऊस भाद्रपदातला. तीन दिवस सूर्य दिसला नाही. डोंगरावरून पाणी असं उतरलं की तिसऱ्या दिवशी ओढा मैदानावर चढला, खड्ड्यांमधले झेंडे पाण्यात बुडाले, आणि खाली खाम नदीपर्यंत सगळी वाट गढूळ झाली. चौथ्या दिवशी पाणी ओसरलं आणि समिती पाहणीला आली. पांगरीकरसाहेब, दोन मेंबर, विश्वजीत, मागे सांडू.

चार नंबरचा काठ गेला होता. मैदानाचा वीस-पंचवीस फूट तुकडा ओढ्यात उतरला होता आणि हिरवळीची गालिच्यासारखी लांब पट्टी तुटक्या काठावरून खाली लोंबत होती. सात नंबरलाही धक्का बसला होता. दोन ठिकाणी वाळ्याच्या खालच्या ओळी पाण्याने उपटून नेल्या होत्या. पण काठ जागेवर होता. गवत आडवं झोपलं होतं, गाळाने माखलं होतं, आणि त्याच्या मुळ्यांत वरून आलेली काळी माती अडकून राहिली होती. काठाशी साठलेल्या निवळ पाण्यात बोटाएवढे मासे फिरत होते.

“नशीब तुझं,” एक मेंबर म्हणाला.

सांडू पुन्हा चार नंबरवर गेला. जिथे काठ अजून उभा होता, कडेपर्यंत कापलेला, छान हिरवा, तिथे तो थांबला. पांगरीकरसाहेब त्याच्यामागोमाग येऊन कडेशी उभे राहिले.

“साहेब, चार पावलं मागं या.”

“का?”

“या तं खरं.”

साहेब मागे सरकले. सांडूने पहार उचलली, हात लांब करून साहेब उभे होते तिथे मारली. पहार पहिल्याच घावाला हातभर आत गेली, जणू पिठात जावी. त्याने ती हलवून काढली आणि पुन्हा मारली. तिसऱ्या घावाला कड सुटली. हिरवळ वाकली, मग एक बैलगाडीभर माती आवाज करत ओढ्यात गेली. मागे उघडी पोकळी दिसली, काळी, ओली.

“तुमचं वजन किती असंल साहेब? ऐंशी? कडूबाच्या मशीनचं अर्धा टन व्हतं.”

पांगरीकरसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, पण तो कशाला काढला ते त्यांनाच आठवलं नसावं. हातात धरून राहिले. मग म्हणाले, “पट्टा राहू दे. सगळ्या ओढ्याला कर. वाळा लागेल तेवढा आण.”

“आन् कडूबाचं?”

“काय कडूबाचं?”

“कागदावर त्याची चूक लिवलीय.”

“ते प्रकरण बंद झालं सांडू. विमा, वकील, सह्या. आता उघडलं तर सगळीकडे उघडावं लागेल. तू समजून घे.”

“समजलं,” सांडू म्हणाला. पहार खांद्यावर टाकून तो कामाला निघून गेला.

उरलेले पंधरा दिवस त्याने बायांना घेऊन ओढ्याच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा हातांवर दोरी आखली आणि खुंट्या मारल्या. दगडाबाईच्या भावाने टेम्पो भरून वाळा पाठवला. महिन्याअखेरीस तिथे एक पाटीही लागली: समितीच्या पुढाकाराने ओढा संवर्धन पट्टा. ज्ञानेश्वरीला मोबाईलवरचा फोटो दाखवून सांडूने ती वाचून घेतली. ज्ञानेश्वरीला राग आला. सांडू म्हणाला, “वढ्याला कुठं वाचता येतं? राहू दे.”

तीस सप्टेंबरला क्लबच्या दालनात निरोपाचा कार्यक्रम झाला. खुर्च्या मांडल्या होत्या, चहा-समोसे होते. बाया मागे भिंतीशी उभ्या होत्या. पांगरीकरसाहेब चांगलं बोलले. सांडूची तीस वर्षं, एकही खाडा नाही, ओढ्याबद्दलची त्याची दूरदृष्टी. नोटिशीचा उल्लेख त्यांनी केला नाही. मग शाल उलगडली आणि सांडूला पुढे बोलावलं.

सांडू उठला. साहेबांना नमस्कार केला. शाल त्याच्या खांद्याकडे आली तशी त्याने ती दोन्ही हातांनी धरली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

“शाल चांगली हाय साहेब. पण माझ्याबरोबर एक माणूस कामाला लागला व्हता. पाय जाईपर्यंत त्यानं बी खाडा केला नाय. त्याला तुमी कागद दिला, निष्काळजी म्हणून. त्यो कागद बदला. ज्या दिवशी बदलाल त्या दिवशी बोलवा. मी येईन, त्यो बी येईल, दोन शाली काढून ठेवा.”

“सांडू, ही वेळ नाही,” साहेब हळू आवाजात म्हणाले.

“माझ्याकडं दुसरी वेळ नाय राह्यली. उद्या मला फाटकातून आत कोण घेईल?”

तो खुर्च्यांमधून चालत बाहेर पडला. कुणी टाळी वाजवली नाही. भिंतीशी उभ्या बाया मात्र एकेक करून त्याच्यामागे बाहेर आल्या. चहा तसाच राहिला.

फाटकाशी विश्वजीतने त्याला गाठलं. हातात एक घडी घातलेला कागद होता.

“हे मी लिहिलंय. काल. समितीला दिलं, कामगार कार्यालयात एक प्रत दिली, ही कडूबामामांची.”

“काय लिवलंय?”

“झालं ते. कापायला मी सांगितलं, ते नको म्हणत होते, काठ आतून पोकळ होता, ते शुद्धीत होते. माझी सही आहे खाली.”

सांडूने कागदाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “नोकरी?”

“जाईल बहुतेक. साहेबांनी सोमवारी बोलावलंय.” विश्वजीत म्हणाला, “मी मशीन बंद केलं होतं ना, त्या दिवशी. तेव्हापासून झोप लागते मला.”

“मंग कागद मला काहून देता? त्याला द्या. चला.”

वस्ती मैदानापासून दोन किलोमीटरवर. सारजाबाई पुढे झाली आणि घरात जाऊन दिवा लावला; बाहेर अजून उजेड होता, पण आतल्या खोलीत अंधारच असायचा. कडूबा खाटेवर बसला होता. दाढी वाढलेली, कुबड्या भिंतीला. विश्वजीतला बघून त्याने पाय ओढून घेतला, जो होता तो.

“कडूबा, मॅनेजरसाहेब काहीतरी वाचणार हायेत. ऐक,” सांडू म्हणाला.

विश्वजीतने उभ्यानेच वाचलं. एक पानच होतं. वाचताना दोनदा अडखळला. वाचून झालं, तरी कडूबा खाली मान घालून बसला होता. कोपऱ्यात सारजाबाई रडत होती, आवाज न करता.

“समितीनं मानलं का हे?” कडूबाने विचारलं.

“नाही अजून,” विश्वजीत म्हणाला. “कदाचित मानणारही नाहीत.”

“मंग?”

“मी मानलं. एवढंच आहे माझ्या हातात.”

कडूबाने हात पुढे केला. कागद घेतला, उलटासुलटा बघितला. त्याला वाचता येत नव्हतं. खालच्या सहीवर त्याने अंगठा ठेवला आणि तसाच धरला. मग सारजाबाईला म्हणाला, “माझा सदरा कुठं हाय? पांढरा.”

सदरा ट्रंकेत तळाशी होता. तो चढवून, कागद वरच्या खिशात ठेवून त्याने कुबड्या मागितल्या. विश्वजीत धरायला पुढे झाला, तेव्हा सांडूने त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं. कडूबा स्वतः उठला. उंबरा ओलांडायला त्याला वेळ लागला. एकदा कुबडी घसरली, त्याने चौकट धरली, श्वास घेतला आणि बाहेर पडला.

दूध संकलनाच्या केंद्रासमोर संध्याकाळी वस्तीवरची माणसं बसत. कडुलिंबाखाली एक लांब बाकडं होतं, पाच-सहा जण त्यावर होते, बाकीचे किटल्या घेऊन रांगेत. कडूबा येताना दिसला तसं बोलणं थांबलं. सांडू आणि विश्वजीत रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. पुढे गेले नाहीत.

कडूबा बाकड्यापर्यंत गेला. टोकाला हनुमान बसला होता, त्याच्याच भावकीतला. कुणी काही विचारायच्या आत कडूबा म्हणाला, “सरक जरा.”

हनुमान सरकला. त्याच्यापलीकडचाही सरकला. कडूबा टेकला, दोन्ही कुबड्या लिंबाच्या खोडाला लावल्या, धोतर सारखं केलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याचा हात खिशापाशी गेला, वरूनच खिसा चाचपला आणि खाली आला.

“पाऊस लई झाला यंदा,” तो म्हणाला. “कपाशी ऱ्हायली का कुणाची?”

“खालच्या अंगाची गेली,” हनुमान म्हणाला. “वरची हाय.”

“वरची हाय ना. मंग ठीक हाय.”

रांग पुढे सरकली. कुणीतरी त्याच्याकडे चहाचा कप दिला आणि त्याने तो घेतला.